आत किती, बाहेर किती

३ तारीख, सोमवार
नवी वही, नवी नोकरी. म्हणजे नोकरी अजून नाही, नोकरीची शर्यत. घरं-जागा विकून देणाऱ्या या ऑफिसात खुर्ची रिकामी एकच आणि उमेदवार दोघं, मी आणि एक टायवाला. शिक्षण त्याचं जास्त, जीभ माझी. चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आहे, तो जो आधी विकेल त्याची खुर्ची.

मॅडमनी चार वर्षांपूर्वी तोच फ्लॅट विकून स्वतःची खुर्ची मिळवली म्हणे. गिऱ्हाईक महिन्याभरात जागा परत देऊन गेलं ते वेगळं. मॅडम दिवसभर ताठ बसून असतात, पाणी प्यायलाही उठत नाहीत. मला तासाभरात मुंग्या येतात.

पण बसायला शिकलंच पाहिजे. वर्षात पाच नोकऱ्या सोडल्या. ताई म्हणाली, तुझ्या पायाला भिंगरी आणि तुझ्या भाओजींच्या कपाळाला आठ्या, मधे मी किती दिवस उभी राहू? ही टिकली नाही तर बॅग उचलायची.

किल्ल्या सांभाळायला फ्लॅटच्या इमारतीच्या फाटकाशी एक काका आहेत. किल्लीबरोबर वही देतात. आत किती माणसं गेली, बाहेर किती आली, स्वतःला धरून लिहायचं. आकडे जुळल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. मी विचारलं, काका, माणसं काय भिंतीत मुरतात? हसले नाहीत.

५ तारीख, बुधवार
पहिलं गिऱ्हाईक, नवरा-बायको. फ्लॅट छान आहे, उजेड भरपूर. फक्त आतल्या खोलीचं दार फुगलंय, उघडतच नाही. मी ठोकून दिलं, सामान ठेवायची खोली आहे. खिडकीबाहेर दोन कावळे एका तारेच्या तुकड्यावरून भांडत होते, त्यात माझं लक्ष गेलं. वहीत आत २, बाहेर ३ लिहिलं. जाताना स्वतःला धरायचं राहिलं, येताना धरलं. कुलूप लावून झाल्यावर कळलं. तेवढ्यासाठी परत चार जिने कोण चढणार?

६ तारीख
कालच्या बाईंचा फोन. विचार करतो म्हणाल्या. आणि म्हणाल्या, तुमच्या मागून जिना उतरली ती मुलगी शांत होती हो, पुढच्या वेळी तिलाच पाठवा. राग मानू नका, तुम्ही फार बोलता.

माझ्या मागून कुणी उतरलं नव्हतं.

७ तारीख
काकांनी वही बघितली आणि खालीच बसले. मी म्हटलं, खोडते. म्हणाले, खोडून आत जात नाही ती, बाहेर आलेली. मग मागची पानं उलटून दाखवली. चार वर्षांपूर्वीची नोंद, गिचमिड अक्षरात, आत २, बाहेर ३. तिच्याखाली आठ दिवसांनी, मोत्यासारख्या अक्षरात, आत ३, बाहेर २. वरचं अक्षर कुणाचं विचारलं तर म्हणाले, मॅडमचं. खालचं? तेही मॅडमचंच. त्याआधी ती पोरगी तुझ्यासारखीच होती, एका जागी ठरायची नाही.

९ तारीख
काल दुपारी मी ऑफिसला दांडी मारून नदीकाठी भटकत होते. आज मॅडमनी शाबासकी दिली. काल सहा वाजेपर्यंत जागची हलली नाहीस, सगळे फोन केलेस.

टायवाला म्हणाला, मॅडमची लाडकी झालीस. काल तुम्ही दोघी दिवसभर एकमेकींकडे बघत होतात.

१० तारीख
घरी पोचले तर ताईनं दारातच विचारलं, आत्ता तर जेवून पडली होतीस, बाहेर कधी गेलीस?

माझी गादी गरम होती.

ताई खुश आहे. म्हणाली, आजकाल कशी गप्प बसतेस, भाओजीसुद्धा बोलले. मी काय सांगू तिला, ती मी—

११ तारीख
गिऱ्हाईक पक्कं. निवृत्त मास्तर, एकटेच. उद्या अकराला फ्लॅटवरच सही करणार.

काका म्हणतात, जाऊ नकोस, बॅग उचल आणि हे शहर सोड, तुला सवय आहे. आणि टायवाला बाराला त्याचं गिऱ्हाईक आणतोय. मी गेले नाही तर खुर्ची त्याची. सहाव्यांदा पळाले तर ताई—

मोजेन. या वेळी नीट मोजेन.

१२ तारीख
दार उघडंच होतं. मास्तर आत. शेजारी ती. माझ्याच चपला, माझीच ओढणी. मास्तर म्हणाले, जुळ्या बहिणी का?

मोजलं. तीन. वहीत लिहिलं, आत ३.

सही झाली. ती म्हणाली, खिडकी राहिली बघ. माझ्याच आवाजात. मी वळले. एवढंच, वळले फक्त—

कुलूप.

दार बडवलं. हाका मारल्या. माझी बॅग, फोन, सगळं तिच्याकडे. ही माझी लिहायची वही तेवढी ओढणीच्या गाठीत—नाही, ओढणी तिच्याकडे. हातात होती.

खिडकीतून दिसतात. मास्तर पुढे, ती मागे. फाटकाशी थांबून ती काकांच्या वहीत लिहितेय. सावकाश. मोत्यासारखं.

काकांनी वर बघितलं. बघितलं आणि मान खाली—

बारा वाजले. टायवाला आला नाही. त्याला कळवलं असेल, फ्लॅट विकला म्हणून.

पायांना मुंग्या येत नाहीत. उठावंसंच वाटत नाही.

आतल्या खोलीचं दार. फुगलेलं. उघडतंय.

भिंतीला टेकून कुणीतरी बसलंय. मॅडम. नाही, मॅडमपेक्षा चार वर्षांनी लहान. खूप वाळलेली. माझ्याकडे बघून जरा सरकली, शेजारी मला जागा करून—