मोसंबीच्या बागेचं पाणी

११ फेब्रुवारी २०१६, औरंगाबाद

निवड झाली! देशभरातून मोजकी गावं घेतलीत — आणि त्यात आमचं गाव! वैजापूर तालुक्यातलं, नकाशावर धड दिसतही नाही ते. जमिनीखालचं पाणी कुणा एकाचं नाही, सगळ्या गावाचं. आधी माणसांना, मग जनावरांना, उरलं तर शेताला. राष्ट्रीय आराखड्यातला हा नियम आधी तिथं करून बघायचा. जमलं तर सगळ्या देशाला.

आमच्या भूजल कार्यालयाच्या गयास साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "कुंदाबाई, माहेर आहे तुमचं. मी दुसऱ्या कुणाला पाठवतो. घरच्या माणसांत हे काम अवघड जातं."

मी म्हटलं, नाही साहेब, मीच जाते. माझं ऐकतील. केवढ्या तोऱ्यात म्हटलं!

२८ फेब्रुवारी

ग्रामसभा झाली. शाळेच्या पटांगणात, भर उन्हात. बायका हंडे घेऊनच आलेल्या, टँकर येणार होता ना. मी नकाशा लावला. बोअर खोल जातात तसतशी खालच्या वस्तीची विहीर कशी आटते, ते दाखवलं. सगळे ऐकत होते.

मग मागून सांडूकाका उठले. "मोसंबीच्या बागांचे बोअर बंद म्हणतीस. तुझ्या भावाचा बी?"

सगळ्यांच्या माना आप्पाकडं वळल्या. गावात सगळ्यात मोठी बाग त्याची. माझ्या लग्नाच्या वर्षी लावलेली.

मी म्हटलं, "हो. त्याचाही."

आप्पा उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली. "माझा पहिला बंद करा," एवढंच म्हणाला. मग एकेक हात वर गेला. ठराव झाला!

येताना गाडीत हसत होते मी एकटीच. असा भाऊ कुणाला असतो?

९ मार्च

बोअरच्या मोटारींचे स्टार्टर काढून नेले सगळ्यांचे. आप्पानं स्वतः पान्यानं खोलून दिला. आम्ही सगळे कामात होतो, पण चहाला थांबा म्हणाला नाही.

३ एप्रिल

खालच्या वस्तीच्या विहिरीत पाणी टिकलंय. थोडंच, पण टिकलंय! तिथल्या द्वारकाबाईनं माझा हात धरला. "पोरी, सूनबाई आता टँकरमागं पळत नाय." हे खरं आहे. हे विसरायचं नाही. पुढं काहीही होवो, हे खरं आहे.

तिथून बागेत गेले. पानं गळून खाली पिवळा सडा. झाडं अजून उभी होती, पण फांदी वाकवली की कट्कन मोडत होती. वहिनी बांधावर बसलेल्या.

"तुमचे भाऊ रात्रीचे जेवत नाहीत," म्हणाल्या.

मी म्हटलं, वहिनी, सभेत तो स्वतःच उठला. मी जबरदस्ती केली का?

त्यांनी पदरावर पडलेली पानं झटकली. "ताई, साऱ्या गावापुढं तुम्ही हो म्हणालात. मग त्यांना नाय म्हणायला जागा कुठं ठेवली?"

१९ एप्रिल

साहेबांना विचारलं, बागवाल्यांना काही देता येईल का? त्यांनी आराखडा दोनदा चाळला. झाडं कुठंच नव्हती. 'पीकबदल' असा एक शब्द होता, बस्स. म्हणाले, "वर लिहू." लिहिलं. उत्तर नाही.

१७ मे, दिल्ली

आज निवडलेल्या गावांच्या कामाची मांडणी झाली. माझ्या आधी राजस्थानचे, नंतर आंध्रचे. आमच्या गावाला सगळ्यात जास्त टाळ्या! विहिरीवरच्या बायकांचा फोटो पडद्यावर केवढा मोठा दिसत होता. त्याखाली ओळ होती — फळबागधारकांचा स्वेच्छेने सहभाग. ओळ माझीच. वाचताना 'स्वेच्छेने'वर जीभ अडखळली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाहेर आल्यावर फोन बघितला. वहिनींचे सकाळपासून किती फोन! उलट केला तर मागं मशीनची घरघर.

"जेसीबी आलाय," म्हणाल्या. "तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. पण मला राहवलं नाय."

आप्पाला द्या म्हटलं. तो आला नाही फोनवर.

१८ मे

विमानात शेजारचे साहेब अभिनंदन करत होते.

२२ मे

गावाला गेले. बाग नाही. नुसते खड्डे, आणि बांधाला लाकडाची रास. आप्पा त्यातली बारीक फाटी वेगळी करत होता. मीही बसले करायला. काय बोलायचं ते गाडीत घोकलं होतं.

"आप्पा, मला माफ कर."

"कशाची माफी? विहिरीला पाणी हाय ना?"

"आहे."

"मंग तू बरोबरच हाईस." हातातली फांदी त्यानं राशीवर टाकली. "तेच लई अवघड हाय, कुंदे. चुकली असतीस तर भांडलो असतो तुझ्याशी. दोन शिव्या दिल्या असत्या, मोकळा झालो असतो."

मी म्हटलं, दे ना शिव्या.

नाही दिल्या. उठून बैलांकडं गेला.

१८ ऑगस्ट

राखी पोस्टानं पाठवली. यंदा जायचा धीर झाला नाही. पोचली म्हणून वहिनींचा फोन. त्याचा नाही.

६ ऑक्टोबर

आराखडा पुढं सरकला. आता लासूर स्टेशनकडची गावं घ्यायची. दिल्लीचं म्हणणं, पद्धत तीच ठेवा. पहिल्या गावात छान जमली. बागवाल्यांचं मी पुन्हा लिहिलं. पुन्हा उत्तर नाही. सभेची तारीख मात्र आली.

१३ नोव्हेंबर

लासूरची सभा. नकाशा लावून वळले, तर लोकांत आप्पा बसलेला! तिथल्या बागवाल्यांनी बोलावून घेतला होता. माझं बोलणं संपेपर्यंत थांबला, मग उभा राहिला. "मॅडम, झाडं गेल्यावर माणसानं काय करायचं, ते तुमच्या आराखड्यात कुठं लिवलंय?"

मी म्हटलं, "कुठंच नाही."

एकही हात वर गेला नाही. सभा उठली.

परत येताना गयास साहेब म्हणाले, "हा सवाल पहिल्याच गावात कुणी विचारला असता तर!"

विचारणारा तिथंही होता. पण पहिल्या गावात तो माझा भाऊ होता.