विंडोजवर न चालणारा मुलगा

काष्टी, ता. श्रीगोंदा
२१ नोव्हेंबर १९९९

आदरणीय लंकाआत्यास यशोधराचा सप्रेम जयभीम, आणि घरातल्या बाकीच्यांचाही (ते आत्ता जेवायला बसलेत, पण धरून चाल).

तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगूनही तू गच्चीवर वाळवण घालतेस, असं बाबांना औरंगाबादहून येणाऱ्या एका ड्रायव्हरने सांगितलं. बाबा श्रीगोंद्याच्या स्टँडवर कंट्रोलर असल्यामुळे तुझी कुठलीही गोष्ट आमच्यापासून लपत नाही, हे लक्षात ठेव. इकडे आम्ही सगळे ठीक. बाबांची साखर वाढली आहे, पण ते मान्य करत नाहीत, म्हणून तीही ठीकच म्हणायची.

तुझं तिसरं पत्र परवा मिळालं. पहिल्या पत्रात तू ‘मुलगा पाहिला का’ असं विचारलं होतंस, दुसऱ्यात ‘मुलगा पाहिलात की नाही’, आणि तिसऱ्यात माझ्या नावाआधी ‘चि.’ लिहायचंही विसरलीस, त्यावरून तुझा पारा कुठवर चढलाय ते कळलं. आत्या, उशीर आमच्याकडून झालेला नाही. गेला दीड महिना आम्ही मुलगाच बघतो आहोत. तो दिसत नाही, त्याला आम्ही काय करणार?

तुझ्या शेजारच्या पुष्पावतीबाईंचा योगेश अमेरिकेत आहे आणि सन दोन हजार उजाडताना जगातले संगणक बंद पडू नयेत म्हणून त्याला तिकडे बसवून ठेवलंय, एकतीस डिसेंबरपर्यंत रजा नाही, हे सगळं तू लिहिलंस. म्हणून मुलाऐवजी मुलाची सीडी आली, हेही समजलं. (जगातले संगणक वाचवायला बसलेल्या माणसाच्या सीडीने इकडचे संगणक नोव्हेंबरातच गार केले, हे त्याच्या साहेबांना कळवू नकोस.) तू ती सीडी पापडांच्या डब्यात, पापडांच्या थप्पीच्या मधोमध घालून एसटीने पाठवलीस, त्यामुळे तिला ओरखडाही आला नाही. पापड मात्र सगळे मोडले. आपल्यात कुंडल्या बघत नाहीत, छत्तीस गुण जुळवायच्या भानगडीत आपण पडत नाही. पण हे संगणकांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्या सीडीचे आणि नगर जिल्ह्यातल्या संगणकांचे गुण जुळवता जुळवता आमच्या तोंडाला फेस आला.

खरं सांगायचं तर मला या खेपेला हौस होती. आजवर माझे बघण्याचे चार कार्यक्रम झाले आणि चारही वेळा मी ट्रे धरून खाली बघत उभी राहिले. पाहुण्यांपैकी मला आठवतात ते फक्त त्यांचे पायमोजे. या वेळी बघायची पाळी माझी होती. शिवाय बाबांनी शब्द दिला होता की यशोधरा स्वतःच्या तोंडाने हो म्हणेपर्यंत होकार कळवायचा नाही. सातासमुद्रापलीकडे जाऊन ज्याच्याबरोबर जन्म काढायचा तो माणूस हसतो कसा, बोलतो कसा, एवढं तरी मला कळायला हवं होतं. पाच फूट आठ इंच एवढ्या माहितीवर माणूस कसा ठरवायचा?

काष्टीत संगणक एकच, पतसंस्थेतला. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागतं आणि दसऱ्याचा हार अजून त्याच्या गळ्यात आहे. तिथल्या क्लार्कने सीडी उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली, संगणकाला चहूबाजूंनी प्रदक्षिणा घातली आणि ही आत जायला याला भोकच नाही असं जाहीर केलं. मग आम्ही नगरला सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासला जायचं ठरवलं. आईने आदल्या दिवशी चिवडा केला. मुलगा बघायला रिकाम्या हाती कसं जायचं, असं तिचं म्हणणं. वर मला साडी नेसायला लावली. मी परोपरीने सांगितलं की आई, मी त्याला बघणार आहे, तो मला बघणार नाही. त्यावर ती म्हणाली, “न्हाई कशावरनं? तिकडनं त्याला काय काय दिसत आसंल, तुला काय ठावं?” मी शाळेत विज्ञान शिकवते, तरीही साडी नेसले.

क्लासच्या सरांनी सीडी आधी चष्म्याच्या फडक्याने पुसली (पापडखाराचा वास येतो म्हणाले) आणि मग आत घातली. पडद्यावर एक इंग्रजी सूचना आली. सरांनी ती घालवली, ती परत आली. असं सात-आठ वेळा झाल्यावर ते म्हणाले की ही फाईल मॅकिंटॉश संगणकावर बनवलेली आहे आणि आपलं मशीन विंडोजचं, तिची जात वेगळी, म्हणून हा प्लेअर तिला घेत नाही. झालं. जात हा शब्द ऐकल्यावर बाबा खुर्चीवरून उठलेच. आप्पा आजोबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले ते कशासाठी, इथपासून त्यांनी सुरुवात केली. एक यंत्र दुसऱ्या यंत्राच्या हातचं घेत नाही, हे कुणी ठरवलं आणि तुम्ही सुशिक्षित माणसं ते निमूटपणे कसं शिकवता, असं त्यांनी सरांना विचारलं. सर घाबरून म्हणाले, “काका, जात नाही, फॉरमॅट म्हणू.” नाव बदललं म्हणून वागणं बदलतं का, असं बाबा म्हणाले. क्लासची बारा मुलं टंकलेखन सोडून ऐकत होती आणि एका मुलीने वहीत लिहूनही घेतलं.

सरांनी मग घाईघाईने दुसराच प्लेअर काढला. त्यात चौकोन आला, पण पांढराफेक. आवाज मात्र आला. ऐक हं, सगळा घोळ इथून सुरू होतो. आवाज दोन होते. एक आवाज कागदावरून वाचत होता: मुलाचं नाव योगेश, मुलाची उंची अमुक, मुलाचं शिक्षण तमुक. स्वच्छ, खणखणीत, एकाच पट्टीत, फलाट क्रमांक चारवर गाडी लागल्याचं पुकारतात तसा. दुसरा आवाज मधेमधे खोड्या काढत होता. उंची सांगितली तर म्हणाला, बूट काढून सांग. स्वयंपाक येतो असं म्हटल्यावर म्हणाला, परवाची खिचडी कुणी खाल्ली तेही सांग. आणि एकदा हसता हसता एकदम थांबून म्हणाला, “अरे, पण तिला काही विचारायचं असेल तर तिनं कुठं विचारायचं?”

आत्या, आजवरच्या चार कार्यक्रमांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पांढऱ्या चौकोनाकडे बघत मी तिथेच बसून राहिले. पुढचं मला ऐकूच आलं नाही.

आता योगेश यातला कोणता? बाबा म्हणाले, वाचणारा, त्यात शंका कसली, उच्चार बघ किती स्पष्ट आहेत. (बाबांना स्थळ आवडलं की नाही माहीत नाही, पण असा माणूस स्टँडवर मिळाला तर ते त्याला आज माईकवर बसवतील.) आईचं मत उलटं. बघण्याच्या कार्यक्रमात उमेदवार स्वतःची माहिती कधी सांगतो का? ती काका नाही तर मामा सांगतो आणि उमेदवार गप्प नाही तर चावट असतो. म्हणजे वाचणारा मित्र आणि हसणारा मुलगा. जन्मात पहिल्यांदा माझं आणि आईचं एकमत झालं, पण मी ते बोलून दाखवलं नाही. चित्र दिसायला काहीतरी इंटरनेटवरून उतरवून घ्यावं लागेल असं सर म्हणाले. आम्ही तीन तास बसलो, चिवडा संपला, थोडंच राहिलं होतं तेवढ्यात सरांच्या बायकोने त्याच लाइनवरून माहेरी फोन लावला, इंटरनेट तुटलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. आम्ही शेवटची गाडी धरली.

पुढच्या रविवारी राहुरीला श्रीमंतकाकांकडे. त्यांच्या मुलाने पुण्याहून नवा संगणक आणलाय. त्यात विंडोजही नवं, प्लेअरही नवा, आणि या प्लेअरची तऱ्हा नेमकी उलटी. चित्र आलं, आवाज गेला. म्हणे या आवाजाचा प्रकार त्याला कळत नाही. काडेपेटीएवढ्या चौकोनात निळ्या स्वेटरचा एक मुलगा कोचावर बसलेला. रंग सावळा, नाक सरळ, आईला भीती होती तसा तिरळा वगैरे अजिबात नाही. मधेच ओठ हलायचे, मधेच चित्र थिजायचं, आणि चेहरा एका जागी असताना तोंड पुढे निघून जायचं. बोलतोय की हसतोय की शिंकतोय, काही कळेना. तेव्हा मी एक उद्योग केला, तो तुला सांगायला लाज वाटते. सावेडीच्या तीन तासांत पुन्हा पुन्हा ऐकून ते सगळं बोलणं मला पाठ झालं होतं. मी चित्र पहिल्यापासून लावायला सांगितलं आणि ओठांबरोबर दोन्ही आवाज स्वतः काढायला लागले. कुणाचे शब्द त्याच्या तोंडात बसतात ते बघायला, दुसरं काय. बाबा घड्याळ धरून बसले. श्रीमंतकाकांच्या पत्नी राहीबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या, कारण नवरी मुलगी पडद्याकडे बोट करून पुरुषी आवाजात स्वतःलाच बूट काढून उंची सांगायला फर्मावत होती. निकाल असा लागला की निम्मं वाचन बसलं आणि निम्मा चावटपणाही बसला. बाबा म्हणाले वाचणारा, आई म्हणाली हसणारा, आणि आम्ही पोहे खाऊन परत आलो.

शेवटी शोध लागला की मॅकिंटॉश नगरमध्येच आहे, आणि तो आहे आसारामशेठच्या छापखान्यात, जिथे लग्नपत्रिका छापतात. काल आम्ही तिघं तिकडे गेलो. शेठना वाटलं आम्ही पत्रिका टाकायला आलो, त्यांनी नमुन्यांची वही पुढे केली, आणि आईने सीडी लागायच्या आधी एक नमुना पसंतही केला. सीडी आत गेली आणि एका दमात चित्र आणि आवाज दोन्ही आले. सूचना नाही, काही नाही. एका घरातली असल्यासारखी वागली.

मुलगा वाचत होता. निळ्या स्वेटरवाला. मांडीवरच्या कागदाकडे बघून, स्वतःचंच, परक्याचं असल्यासारखं: मुलाचं नाव, मुलाची उंची. हसणारा आवाज त्याच्या तोंडातून येत नव्हता. तो कॅमेऱ्याच्या मागून, म्हणजे आम्ही बसलो होतो त्या बाजूने येत होता. त्याचा फक्त एक हात दिसला, योगेशची कॉलर सारखी करणारा. ‘तिनं कुठं विचारायचं’ हे आलं तेव्हा योगेशने कागदावरून मान वर केली, क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं, परत मान खाली घातली आणि वाचलं, “मुलाचे छंद. वाचन, पोहणे.” मला फार वाईट वाटलं आत्या. इतकं, की छापखान्यात डोळ्यात कचरा गेल्याचं सांगावं लागलं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी सीडी आणखी दोनदा लावायला सांगितली. आई नुसतं “चला” म्हणाली.

तर असं हे सगळं झालं. मुलगा निर्व्यसनी दिसतो, नाकीडोळी नीटस आहे, नाव ठेवायला जागा नाही. दिलेला शब्द विसरून होकार लिही असं बाबांनी बजावलं आहे आणि मी त्यांची आज्ञाधारक मुलगी आहे, म्हणून लिहिते: बाबांचा होकार आहे. गुडघ्याला जप.

तुझी भाची,
यशोधरा

ता. क. वर लिहिलाय तो बाबांचा होकार. ते योगेशबरोबर खरंच सुखात राहतील, दोघं मिळून गाड्या पुकारतील. माझा नकार आहे. योगेश वाईट मुलगा नाही, पण त्याला प्रश्न ऐकू आला आणि त्याने छंद वाचले. असं करणाऱ्या माणसाबरोबर मी जन्मभर ट्रे धरून उभी राहीन. पुष्पावतीबाईंना वाईट वाटणार नाही असं काहीतरी सांग. संगणक जुळले नाहीत असं सांगितलंस तरी चालेल, आणि ते खोटंही नाही.

ता. क. २. आता खरं काम. कॅमेरा कुणी धरला होता? नाव, गाव, आणि लग्न झालंय का, एवढंच पुष्पावतीबाईंकडून सहज बोलता बोलता काढून घे. सहज म्हणजे सहज. हळदीकुंकवाला जाऊन सहज विचारलंस असं नको, आपण हळदीकुंकवाला जात नाही हे त्यांना माहीत आहे. ज्याचं स्थळ नाकारायचं त्याच्याच आईकडे त्याच्या मित्राची चौकशी करायची, हे अवघड आहे हे मला कळतं. म्हणूनच हे काम मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही. बाबांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस. आईलासुद्धा नको, तिच्या पोटात काही राहत नाही.

ता. क. ३. वन्सं, जयभीम. पाकीट चिकटवाया पोरीनं माज्याकडं दिलं. मी सातवी पास हाय, हे तिच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. सगळं वाचलं. मला बी त्योच आवाज आवडला हुता, पयल्या दिसापास्नं. तुमच्या भावाचं मी बघते, तुमी त्यास्नी काय कळवू नगा. आन् सहज-बिहज इचारणं तुमच्यानं हुयाचं न्हाई, मला ठावं हाय, म्हनून बुधवारच्या एस्टीनं मीच येते. पुष्पावतीबाईस्नी त्या दिशी कुटं भाईर जाऊ देऊ नगा. चांगुणा.