सूर्यभानची नाडी

१० फेब्रुवारी
नगरच्या दवाखान्यात आलो. खाट खिडकीजवळची मिळाली, ऊन छान येतं. डाव्या पायाची शीर बुजलीय, अंगठ्याची जखम भरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांडीतून तार घालून फुग्याने शीर मोकळी करू, पाय वाचेल. शेजारच्या खाटेवर जामखेडचा सूर्यभान. त्यालाही हेच दुखणं. माझी जपमाळ पाहून तो मला महाराज म्हणू लागला.

१२ फेब्रुवारी
दोघांचंही झालं. माझी शीर फुगा काढताच परत मिटली. शीर उघडी ठेवणारी जाळी तिथे टिकायची नाही म्हणे. दुसऱ्या पायातली शीर काढून बायपास करून बघणार, तोवर पाय काळा पडला तर कापणार.
सूर्यभानच्या पावलात नाडी लागली. राजेश्वरी सिस्टरने त्या जागी पेनाने फुली मारली. पुढच्या पाळीच्या सिस्टरला तिथेच बोट ठेवता येतं. सूर्यभान म्हणाला, "महाराज, देव पत्ता चुकला व्हय? बिड्या आमी वढल्या आन् पाय तुमचा गार!" सगळे हसले. मीही हसलो.
मी सुपारीसुद्धा कधी खाल्ली नाही.

१३ फेब्रुवारी
तो वऱ्हांड्यात हिंडतो. जप करताना माझी नजर त्याच्या फुलीवरच.
गावात भीमाबाई दुखणं उतरवताना अंगारा आधी धडधाकट माणसाला लावते, मग आजाऱ्याला. दुपारी सूर्यभानला डोळा लागला होता. मढीच्या नाथांचा अंगारा त्याच्या फुलीवर टेकवला, मग माझ्या पावलावर. नाथा, त्याच्यासारखी नाडी नको. त्याचीच दे.

१४ फेब्रुवारी
पाय कोमट! सिस्टरने माझ्या पावलावर फुली मारली. डॉक्टरीणबाई चकित झाल्या.
सूर्यभानचा पाय गुडघ्यापर्यंत निळा. त्याला आत नेलं. वाईट वाटायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी
त्याचा पाय कापला.
एक बोट मनगटावर ठेवलं, एक पावलावर. ठोके जुळत नाहीत. तो कण्हला की पावलातला ठोका धावतो.

१६ फेब्रुवारी
सूर्यभान म्हणतो, कापलेल्या पायाची बोटं अजून हलतात. सिस्टर म्हणाली, भास होतो तसा. त्याने डोळे मिटून हलवून दाखवली.
माझी हलली —

१७ फेब्रुवारी
त्याने पाहिलं.  नुसता माझ्या पायाकडे बघत राहतो, पोटच्या पोराकडे बघावं तसा.

१८ फेब्रुवारी
मी उठलो नाही. पाय उठला. त्याच्या खाटेकडे ओढतोय — एका हाताने माझ्या खाटेचा दांडा धरलाय — तो हळूच बोलावतोय, ये, ये — नाथा, त्याचं त्याला दे, मला नको — आता मांडीही ऐकत नाही, कंबर —