गप्प बसायचं काम

४ ऑगस्ट, सोमवार

विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात पहिला दिवस! फायदे – खुर्ची चांगली, साहेब वरच्या मजल्यावर, पाचला सुटका. तोटे – जो येतो तो रडवेलं तोंड घेऊन, आणि खरं कोण रडतंय ते ओळखायचं आपण. हवं ते खातं मिळालं, पण आई खूश दिसली नाही. मी शाळेत असताना आमच्याकडे चोरी झाली, आईचे दागिने गेले. तेव्हा विम्याचा माणूस घरी आला होता. किती मायेने बोलला! असंच काम करायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. चोराची भीती मात्र गेली नाही. कडी लावली का, हे अजून दोनदोनदा उठून बघते.

५ ऑगस्ट, मंगळवार

खात्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी गुरुमंत्र दिला. "प्रश्न विचारायचा आणि तोंडाला कुलूप. मनात पाप असलं की माणसाला शांतता सोसत नाही."

दुपारी एक शिंपी आला. दुकान जळालेलं. विचारलं, आग कशी लागली? आणि गप्प. तो वायरिंगबद्दल बोलला, घसा खाकरला, घाम पुसला. मग एकदम – "ताई, माझ्यामुळेच लागली! इस्त्री चालूच राहिली!" अर्जात तर सगळी बटणं बंद केली असं लिहिलेलं! मोठ्या बाई म्हणाल्या, "जमलं की तुला!" आणि मला चक्क बरं वाटलं. शी!

६ ऑगस्ट, बुधवार

शिंप्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

अग्निशमनवाल्यांचा अहवाल आला. आग शेजारच्या दुकानातून आली होती! शिंप्याला फोन केला – मग तुम्ही असं का म्हणालात? "तुम्ही काही बोलेचनात. वाटलं, यांना सगळं ठाऊक आहे. मग मलाच आठवेना, इस्त्री बंद केली की नाही." म्हणजे काहीच न केलेला माणूसही कबुली देतो!

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी खांदे उडवले. "सुक्याबरोबर ओलंही जळतं." आगीच्या क्लेमला ही म्हण! निदान त्याचे पैसे तरी आता अडणार नाहीत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

जेवताना बोलायचं त्राण नव्हतं. "काय गं, गप्प का?" आईने विचारलं. मी नुसती मान हलवली. ती शेजारणीबद्दल बोलली, गळक्या नळाबद्दल बोलली. मग तिचा घास हातातच राहिला.

"तुला कळलंय ना तिथे?"

काय कळलंय, एवढंही विचारायचं सुचलं नाही.

"चोर आलाच नव्हता गं. दागिने मी आधीच विकले होते. तुझे बाबा गेल्यावर फी कुठून भरणार होते? विम्याचे पैसे मिळावेत म्हणून कुलूपही मीच फोडलं."

देवा! मग इतकी वर्षं मी घाबरत कोणाला होते? माझ्या अंथरुणाशी बसून मला थोपटायची ती – तेव्हाही तिला माहीत होतं! भयंकर राग आला. पण तिचा घास ताटात पडला, आणि रागवायचं राहूनच गेलं.

"नोकरी जाईल तुझी. आणि मला तर तुरुंगच."

"कोणालाही सांगणार नाही. आईशप्पथ!" मी म्हणाले.

११ ऑगस्ट, सोमवार

मोठ्या बाईंनी विचारलं, "चेहरा का उतरलाय? घरी सगळं ठीक ना?" आणि गप्प बसल्या.

मी बोलायला लागले.