समोरच्या रांगेत बसू नकोस

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण ह्यांच्यापेक्षा कमीच. सूनबाईने गॅलरीतल्या कुंड्या हलवल्या, आता एकाही झाडाला ऊन मिळत नाही. मी काही बोलले नाही. बोलणं हा माझा प्रांत कधीच नव्हता.

म्हणूनच विचारते, तुझ्या निरोप समारंभात तुझ्या वतीने बोलायला तुला मीच का सुचावी? तू मुख्याध्यापिका, तुझ्या शाळेत एकापेक्षा एक बोलक्या बाया असतील. भावोजींना फोनवर तसं म्हटलं, तर पलीकडून तू पेल्यावर चमचा वाजवलास. दोनदा. "दोन म्हणजे नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, तिला समजावा ना," तर तू असा वाजवलास की पेला फुटलाच म्हणते मी.

सगळ्यांना वाटतं, जन्मभर स्टेशनवर घोषणा केल्या, हिला भाषणाचं कसलं भय! अगं, मी काचेच्या खोलीत बसायचे. लोक कर्ण्याकडे बघायचे, माझ्याकडे नाही. काचेपलीकडे स्टेशनमास्तर नुसते ओठ हलवायचे, "मालगाडी पुढे काढतोय, पॅसेंजर थांबेल," आणि मी ते ओठ वाचून लोकांना सांगायचे. शब्द त्यांचे, आवाज माझा, तोंड कुणाचंच दिसत नाही. किती सुखाचं काम!

सूनबाईने मला भाषणकलेच्या वर्गात घातलं आहे. शिकवणारे सर सारखं "छान!" म्हणतात. श्रोत्यांच्या कपाळाकडे बघा, वाक्य संपलं की श्वास घ्या, आधी एखादी गोष्ट सांगा. वर्गात एक दंतवैद्य आहेत. म्हणाले, "समोरच्याचं तोंड उघडं असलं आणि त्याला उत्तर देता येत नसलं, की माझी जीभ काय सुरेख चालते!" मला ते फार जवळचे वाटले. परवा माझी पाळी आली. उभी राहिले, आणि तोंडातून निघालं, "कृपया इकडे लक्ष द्या." पुढे काहीच नाही. सर म्हणाले, "छान! आता कुठली गाडी?" सगळे हसले, मीही हसले.

घरी ह्यांना खुर्चीत बसवून सराव केला. ह्यांनी लगेच डोळे मिटले.

"झोपलात?"

"छे! श्रोता आहे ना मी? श्रोते असेच असतात."

तुला कॉन्व्हेंटची ती वक्तृत्व स्पर्धा आठवते? पांढरे मोजे, बुटांच्या पॉलिशचा वास, सिस्टरांच्या हातातली घंटी. मी मंचावर थिजले, आणि तू शेवटच्या रांगेत बाकावर चढून, दोन्ही हात तोंडाभोवती धरून, आवाज न काढता ओरडत होतीस, "मोठ्यांदा!" माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही. ढाल तू घरी आणलीस, आणि येता येता माझं नावही ठेवलंस.

एक विनंती आहे. त्या दिवशी समोरच्या रांगेत बसू नकोस. मागे, खांबाआड कुठेतरी बस. कारण विचारू नकोस.

तुझी
मुकी


२ डिसेंबर

प्रिय ताई,

तू तिथेच होतीस, तरी लिहिते. मंचावरून काय दिसतं, ते तुला कुठे दिसलं?

मला दिसला निळा स्कार्फ. पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध. सांगितलेलं ऐकलंस तर तू माझी ताई कसली!

आता कारण सांगते. लोकांची भीती होती, पण ती निम्मीच. तुझ्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून मी तुझ्याकडे फिरकले नाही. कधी ह्यांचा गुडघा, कधी माझी सर्दी. खरं म्हणजे तुझ्यासमोर बसून तोंड उघडायचं, आवाज बाहेर पडायचा, आणि तू तो ऐकत राहायचीस, हे मला सोसणार नव्हतं. आपल्या दोघींत बोलणारी तू. न्यायचाच होता तर देवाने माझा आवाज न्यायचा. माझा काय, पुरवून पुरवून वापरलेला, जवळजवळ नवाच होता.

तू लिहून दिलेल्या भाषणाचं पहिलं वाक्य वाचलं आणि पुढची अक्षरं एकमेकांत मिसळली. कुणीतरी खोकलं. कपाळांकडे बघावं, तर त्या कपाळांनाही डोळे फुटलेले. मग नजर तुझ्यावर गेली, आणि तू दोन्ही हात तोंडाभोवती धरलेस.

"ताई म्हणते, मोठ्यांदा!"

हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. पण हसण्याची अशी लाट आली! तिथल्या प्रत्येकीने तुझ्याकडून हा ओरडा खाल्लेला. मागून एक चाळिशीची बाई ओरडली, "आम्हालाही हेच ऐकवायच्या!" तू वळून पाहिलंस, पुन्हा माझ्याकडे पाहून ओठ हलवलेस, आणि मी सांगितलं, "ताई म्हणते, तुला तरी कुठे ऐकू आलं होतं?"

मग कागद खाली ठेवला. तू ओठ हलवत गेलीस, मी बोलत गेले. काच तेवढी नव्हती. अध्यक्षांचं भाषण फार लांबलं असं तू म्हणालीस, ते मी "मनाला भिडलं" असं गोड केलं, तर तू पर्समधून चमचा काढून खुर्चीच्या दांड्यावर दोनदा वाजवलास! समारंभाला चमचा घेऊन येते का गं कुणी? अध्यक्षसुद्धा डोळे पुसत हसत होते.

सर्वांत शेवटी तू जे म्हणालीस, ते मी सांगितलं नाही. लोक वाट बघत होते. मी म्हटलं, "ताई म्हणते, सगळ्यांचे आभार." तू चमचा वाजवला नाहीस.

"मला भीती वाटते गं," असं म्हणाली होतीस तू. मी बरोबर वाचलं ना?

मलाही वाटते. तुझ्या तपासण्यांचे निकाल यायचे आहेत, हे मला ठाऊक आहे. मी रविवारी येते, बॅग भरूनच येते. तुझ्यासमोर बसेन. तू बोल, मी वाचेन. कुणाला काही सांगणार नाही.

आणि भावोजी म्हणत होते, तू पाटीवर लिहिलंस, "आता खरी मुकी मीच." ते आधी पुसून टाक. मोठी म्हणून सगळं नवं आधी तुला मिळालं, ढालीही तुलाच मिळाल्या. हे नाव मिळायचं नाही. ते माझं आहे, आणि मी ते मोठ्यांदा सांगते आहे.

तुझी, आणि एकमेव,
मुकी