गांजा, फिरता करंडक आणि ओवीचं मत

मंगळवार, ७ मे २०१९

न्यूझीलंडच्या सरकारला वेड लागलं आहे. पुढच्या वर्षी निवडणुकीबरोबरच गांजा कायदेशीर करायचा की नाही यावर जनतेचं मत घेणार म्हणे. जनतेचं! आमच्या अवोन्डेलच्या गल्लीतल्या जनतेला रिसायकलिंगचा डबा कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायचा ते सतरा वर्षांत कळलेलं नाही. ती आता गांजावर मत देणार.

जेवताना ओवीला विचारलं. मार्चमध्ये अठराची होईल, आयुष्यातलं पहिलं मत हेच. म्हणाली, "आय हॅवन्ट डिसाइडेड." आणि ताट उचलून गेली. बापाला असं उत्तर देतात का? मी काय कॉफी घेणार का विचारलं होतं?

संकल्प : ओवीचं मत "नाही"वर आणणे. फार तर महिन्याभराचं काम. मुलगी माझं ऐकते.

गुरुवार, ९ मे

ओवीला गांजाच्या दुष्परिणामांवरची चाळीस पानांची पीडीएफ ईमेल केली. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या. जवळजवळ सगळ्याच झाल्या.

सोमवार, १३ मे

उघडलेली नाही. परीक्षेचा ताण असणार.

रविवार, १९ मे

संताप. बाजारात कोथिंबिरीच्या स्टॉलशेजारी गांजाला 'येस' म्हणा सांगणाऱ्या येसवाल्यांनी टेबल मांडलं होतं. एक मुलगी जांडल्स, म्हणजे रबरी चपला घालून उभी, "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून माझ्याच हातात पत्रक देते! तिला वीस मिनिटं झाडलं. माझं संपल्यावर म्हणाली, "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम मस्त'. आणि वर बिल्ला दिला. या देशात भांडायची सोयच नाही.

तोवर कोथिंबीर संपली. मधुवंतीने गाडीत तेवढाच विषय लावून धरला. देशाचं काय व्हायचं ते होवो, बायकोला कोथिंबीर पाहिजे. ओवी पार पलीकडे, बुटांच्या स्टॉलवर उभी होती. माझ्याकडे पाठ करून. गर्दीत चुकली असावी.

शुक्रवार, २१ जून

ऑफिसात शेजारच्या टेबलावर ग्रॅहम बसतो. अठ्ठावन्न वर्षांचा, पाइपांचे नकाशे काढण्यात हयात गेली. आज गप्प होता. विचारलं तर कळलं, मुलगी सिॲटलला असते, तिला बाळ झालं. म्हटलं, जा की मग. म्हणाला, जाता येत नाही. एकोणिसाव्या वर्षी खिशात गांजाची पुडी सापडली, गुन्हा नोंदला गेला. अमेरिकेचा व्हिसा परत नाकारला. आणि मुलीच्या घराखालीच गांजाचं दुकान आहे. पाटी लावून, कायदेशीर.

नियम म्हणजे नियम, असं मी म्हटलं. त्याने बाळाचा फोटो दाखवला. दिवसभर डोकं ठणकत होतं. एसी बिघडला असावा.

शनिवार, २० जुलै

आज मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये मास्टरस्ट्रोक. मराठी वादविवाद स्पर्धा सुचवली. विषय : "न्यूझीलंडमध्ये गांजा कायदेशीर व्हावा." मी प्रतिकूल बाजूने बोलणार, हे न सांगताच कळण्यासारखं. कॉलेजात असताना सलग तीन वर्षं फिरता करंडक आमच्याकडून कोणाला हलवता आला नव्हता. अध्यक्ष लीलाताई म्हणाल्या, नियम कोण लिहिणार? मीच लिहिले. कडक.

ओवीला वेळाधिकारी केलं. सात मिनिटांनी घंटा वाजवायची. म्हणजे सात मिनिटं तिला उठता येणार नाही. ती म्हणाली, "डू आय हॅव टू?" मधुवंतीने तिला टॉग्ज, म्हणजे पोहायचे नवे कपडे घेऊन द्यायचं कबूल केलं. बापाचं भाषण ऐकायला लाच! असो. एकदा ऐकलं की काम झालं.

रविवार, १८ ऑगस्ट

घात! लीलाताईंनी बाजू ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. मला अनुकूल. मला! गांजाच्या बाजूने! आणि प्रतिकूल कोणाला, तर हरीशला. हा मनुरेवात डेअरी चालवतो, दूध-ब्रेड-लॉटरी विकतो, विद्यार्थी म्हणून आला आणि राहिला. त्याला कशावरच मत नाही. शिवाय मला "काका" म्हणतो. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे फक्त.

लीलाताईंना सांगितलं, बाजू बदलून द्या. त्यांनी नियम क्रमांक चार वाचून दाखवला : बाजू चिठ्ठीने ठरेल, बदल होणार नाही. हा नियम कोणी लिहिला, असं मी ओरडलो. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

मंगळवार, २० ऑगस्ट

शांत डोक्याने विचार केला. उपाय साधा आहे. हरायचं. इतकं वाईट बोलायचं की ओवीला गांजाची बाजू किती पोकळ आहे ते स्वतःच दिसेल. हे काही माझ्यासारख्याला अवघड नाही.

योजना : कागदावरून वाचणे. आकडे चुकवणे. घंटेनंतरही बोलत राहून गुण घालवणे.

शनिवार, ७ सप्टेंबर

आरशासमोर वाईट बोलण्याचा सराव. मधुवंतीने दारातून ऐकलं आणि म्हणाली, छान वाटतंय. तिला वक्तृत्वातलं काही कळत नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर, संध्याकाळी साडेसहा

हॉलवरून आत्ताच आलो. सगळा दोष हरीशचा आहे.

तो आधी बोलला. गचाळ. "गांजा वाईट, कारण तो चांगला नाही" या धर्तीवर. मी खुशीत होतो, कागद तयार होता. शेवटी हा माणूस माझ्याकडे वळून, भर सभेत म्हणतो, काकांचं आता वय झालंय, त्यांना आरामात कागद बघून वाचू द्या, सगळ्यांनी सांभाळून घ्या. लोक हसले. परीक्षक हसले. मधुवंतीही हसली, मी पाहिलं.

कागद चुरगळून खिशात टाकला. पुढचं नीटसं आठवत नाही. एवढं आठवतं की म्हणालो, गांजा आणायचा की नाही हा प्रश्नच नाही, तो आलेला आहे, तुमच्या गल्लीत, शाळेच्या कुंपणाशी. प्रश्न एवढाच, की तो विकताना वय कोण विचारणार, गल्लीतला गुंड की परवाना असलेला दुकानदार? एकाच पुडीसाठी एका उपनगरातल्या मुलाला ताकीद मिळते आणि दुसऱ्यातल्या मुलाला कोर्ट, याला कायदा म्हणायचं का? मग ग्रॅहमचं सांगितलं. नाव न घेता. एकोणिसाव्या वर्षीची एक संध्याकाळ, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी नातवाला फक्त फोनवर बघायचं. हे सांगताना माझाच आवाज फाटला. रागाने. कोणाच्या रागाने ते कळलं नाही.

घंटेची वाट बघत होतो. वाजलीच नाही. बोलत राहिलो. शेवटी लीलाताईंनीच घड्याळ बघितलं : अकरा मिनिटं झाली होती. ओवी घंटेवर हात ठेवून माझ्याकडे बघत बसली होती. वाजवायची विसरली.

हरीशने आक्षेप घेतला. बरोबर होता त्याचा आक्षेप, माझे गुण कापायलाच हवे होते. लीलाताईंनी नियम क्रमांक नऊ वाचला : घंटा झाली नसेल तर वेळ संपली असं मानता येणार नाही.

करंडक मिळाला. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. नाटकाला उभे राहतात तसे राहिले असतील, मतांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

रविवार, १५ सप्टेंबर, सकाळी दहा

हरीशने भाषणाचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "काका रॉक्स." हॅमिल्टनहून कोणा अनोळखी माणसाचा फोन, आमच्या येसच्या सभेत बोलाल का? त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

तोच दिवस, दुपारी चार

ओवी डायनिंग टेबलावर मतदार नोंदणीचा फॉर्म भरत होती. स्वतःहून. इथे सतराव्या वर्षीच नाव नोंदवून ठेवता येतं. आनंद झाला, शेजारी बसलो. ती म्हणाली, ठरलं माझं, येस.

मी समजावलं, अगं, ती स्पर्धा होती. चिठ्ठी निघाली म्हणून बोललो. माझं मत तसं नाही. तिने विचारलं, मग त्या माणसाचं खोटं होतं का? म्हटलं, नाही, ते खरं आहे. गुंड आणि दुकानदाराचं? तेही तसं खरंच. मग खोटं काय होतं? मी पाणी प्यायला उठलो.

परत येऊन म्हटलं, आता माझी खरी बाजू ऐक. पीडीएफ काढली. पिवळ्या ओळी क्रमाने सांगितल्या, मुद्देसूद, आकड्यांसकट. दुसऱ्या पानावर तिने फोन उचलला. मी आवाज चढवला. कोणासाठी करतोय मी हे सगळं, असंही ओरडलो. तिने फोन खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, "बाबा, कालचं जास्त चांगलं होतं."

ती मराठीत बोलली. मी पीडीएफ बंद केली.

फॉर्मवर सही करून ती गेली. पाकीट मीच बंद करून पोस्टात टाकून आलो, पत्ता तिने अर्धवट लिहिला होता.