संत्री पोचल्याची पत्रं

बाबा, तुमची पत्रं काल गेली. म्हणजे तुम्ही लिहिलेली नव्हेत, तुम्हाला आलेली. ज्या लोकांचे धडे आम्ही शाळेत पाठ केले, त्यांनी कारंज्याच्या एका दुकानदाराला लिहिलेली कार्डं, आंतर्देशीय, पाकिटं, सगळी एका पांढऱ्या खोक्यात बसून नागपूरच्या संग्रहालयात गेली. धाकट्याने पुण्याहून फोनवरच ठरवून टाकलं होतं. "ताई, तुझ्यानंतर कोण पाहणार त्यांना?" असं तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण लगेच तो तिकडच्या पाण्याच्या टँकरबद्दल बोलू लागला. मी हो म्हटलं. खरंच होतं त्याचं. फक्त एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. त्या पत्रांची यादी करायला म्हणून एक मुलगी दर रविवारी या घरी येत होती, तेवढंच घरात बोलणं होत होतं. पत्रं गेली की तिचं येणंही संपणार, हे मला हो म्हणतानाच कळत होतं.

तुम्ही पाहिलं असतंत तर तिला आधी दुकानातच बसवलं असतंत. दुकान आता मोबाइलवाला चालवतो, पण मला अजून तिथे दोरखंडाचे वेढे, ताडपत्र्या, एकात एक घातलेली घमेली दिसतात. भर दुपार आहे, हायवेवर ट्रक उभे आहेत, ड्रायव्हर दोर मागतोय आणि तुम्ही वाचनालयाच्या पुस्तकातून डोकं वर न काढता "कित्ती हात देऊ?" विचारताय. गल्ल्याच्या मागे खिळ्याला ती टोक वाकवलेली तार. आलेला कागद तारेत खुपसायचा, ही दुकानाची रीत. विजेचं बिल, मालाची बिल्टी, आणि त्यांच्या डोक्यावर अख्ख्या महाराष्ट्राने ज्याला हार घातले त्या लेखकाचं कार्ड. वेगळी फाइल करावी असं तुम्हाला कधी सुचलं नाही. तार भरली की सगळं उतरवायचं, गठ्ठा सुतळीने बांधायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालायचा.

ती मुलगी हिंगणीची. वर्ध्याला राहते, संग्रहालयासाठी काम करते, आर्वीमार्गे बस बदलत यायची. पहिल्या रविवारी तिने पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले तेव्हा मला हसू दाबावं लागलं. आयुष्यभर ट्रकचा धूर खाल्लेली ती कार्डं! तिने पहिलंच कार्ड उचललं आणि त्यातल्या भोकावर बोट ठेवलं.

"मावशी, हे भोक कायचं व्हय? उंदरानं कुरतडलं का?"

"तारेचं हाय ते. दुकानातल्या."

"पन सहीतूनच गेलं ना जी हे!"

रडायलाच आली होती बिचारी. एकेक कार्ड वर धरून उजेडात पाहायची, प्रत्येकात भोक. एका पाकिटावर तर तुम्ही असा नेम साधला होतात की आतल्या कागदावरचं नावच गायब. हे पत्र कुणाचं, यावर आम्ही दोघींनी चहा थंड होईपर्यंत डोकं लढवलं. मी म्हटलं, माझ्या बाबांना कागद म्हणजे कागद, तिथे बिल आणि लेखक असा भेदभाव नव्हता. तेव्हा ती हसली आणि मीही हसले. या घरात हसण्याचा आवाज मला अनोळखी वाटला.

आणि पत्रांत काय, तर संत्री. आंबिया बहाराची फळं उतरली की तुम्ही बागवानाकडून निवडून घेतलेली संत्री गवतात रचून पेटी बांधायचात आणि दोर घ्यायला आलेल्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवून द्यायचात. मग तो बापडा पुण्यात नाही तर मुंबईत पत्ता विचारत विचारत एखाद्या साहित्यिकाच्या दारात जाऊन हॉर्न वाजवायचा. अर्धीअधिक पत्रं त्याची पोच आहेत. संत्री मिळाली, वरच्या थरातली थोडी नासली, बाकी गोड होती, शेजाऱ्यांनाही दिली. मुलीच्या यादीत 'विषय' असा रकाना होता. सुरुवातीला ती तिथे 'साहित्यविषयक' लिहायची. पुढेपुढे कंटाळून नुसतं 'संत्री' लिहू लागली. "मावशी, आमचे सर म्हणतीन, हे संशोधन करून राह्यली का बाजार समितीत बसून राह्यली?"

पण संत्र्यांच्या खाली दुसरंही होतं. एकांनी लिहिलंय की गेलं वर्षभर कागदावर एक ओळ उतरली नाही, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. एकांचा मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता. एका बाईंनी कंबरदुखीबद्दल पानभर लिहून शेवटी म्हटलंय, तुमच्या पत्राने दिवस बरा गेला. कधी न पाहिलेल्या दुकानदाराला माणसं एवढं का सांगतात? तुम्ही आधी काहीतरी सांगितलं असणार म्हणून. ती तुमची पत्रं आपल्याकडे नाहीत. कुणाच्या तरी घरी असतील, किंवा रद्दीत गेली असतील. मला आईचं बोलणं आठवतं. ती चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून मांडीवर पाटी घेऊन लिहिताय.

"त्याइले इतकं काय लिवता हो? घरी त तुमच्या तोंडातून शबुद नाई निंगत."

"तिथं कोणी मधात बोलत नाई," तुम्ही म्हणालात.

आईने भाकरी अशी आपटली की तवा हलला. तेव्हा आम्हा दोघा भावंडांना मजा वाटली होती.

एकदा मी तारेवरचं कार्ड हळूच काढून शाळेत नेलं होतं. आमच्या बाईंना दाखवून भाव खायचा होता, दुसरं काय. बाईंनी ते वर्गात फिरवलं, हेडमास्तरांना दाखवलं, आणि मी घरी पोचायच्या आधी बातमी दुकानात पोचली. तुम्ही ओरडला नाहीत. समोर उभं केलंत.

"काऊन नेलती व चिठ्ठी?"

मी दप्तरातून कार्ड काढून पुढे केलं.

"त्याइनं मले लिवलं हाय, गावाले नाई. जाय, लावून दे जाग्यावर."

मी ते पुन्हा तारेत घातलं, त्याच भोकातून. काल खोकं संग्रहालयाच्या गाडीत ठेवताना हे तुमचं वाक्य माझ्या कानात होतं. आता ती पत्रं काचेखाली मांडतील, गावच काय, जग वाचेल. मी तुमच्या वतीने भांडायला हवं होतं का? पण तुम्ही काही सांगून गेला नाहीत. ठेवा की जाळा, चार शब्द बोलला असतात तर आज माझ्या डोक्याला ताप नसता.

आणि बोललातच नाहीत तर. पत्र लिहून झालं की आईकडून चार शितं मागून पाकीट चिकटवायचात आणि मग मला हाक मारायचात. "पत्ता लिव. माह्यं अक्षर पोस्टमनले नाई समजत." बंद पाकीट माझ्या हातात यायचं. आत काय आहे ते कधी कळलं नाही, वरचा पत्ता मात्र मी जीव ओतून लिहायची. पुढे मी नागपूरला हॉस्टेलला राहिले, तेव्हा इतर मुलींना बापाची लांबलचक पत्रं यायची आणि मला तुमचं कार्ड यायचं. इकडे सर्व खुशाल. अभ्यास करजो. थंडी हाय, अंगावर घेजो. संपलं. उरलेलं कार्ड कोरं. मला वाटायचं, तुम्हाला मनातलं लिहिताच येत नसेल. आता ही मुलगी एकेक पत्र मोठ्याने वाचत होती आणि मी भाजी निवडता निवडता कान देऊन बसले होते, की कुठेतरी माझं नाव येईल, माझ्या परीक्षेचं, लग्नाचं, नवरा दोन वर्षांत गेला त्याचं. काहीतरी तुम्ही लिहिलं असेल आणि त्यावर कुणी उत्तर दिलं असेल. एकाच ठिकाणी निघालं. पत्ता लिहिणाऱ्याचं अक्षर फार सुबक आहे, कोण आहे ते कळवा. बस्स. तुम्ही कळवलंत का, ते कळायला मार्ग नाही. मला राग आला, बाबा. परक्या माणसांना तुम्ही मन दिलंत आणि मला थंडीची सूचना. या वयात बापावर रागावणं शोभत नाही म्हणतात. मला शोभवून घ्यायचं नव्हतं.

राग ओसरला तो त्या मुलीमुळे. एरवी मी एकटीपुरतं काय शिजवणार? सकाळची भाकर आणि जवसाची चटणी, तीच संध्याकाळी. पण रविवारी गोळाभात करायची, ती बोटं चाटून खायची आणि विचारायची, बाबा कसे होते, रागीट होते का, कोणतं पुस्तक आवडायचं. आणि मी सुटायचे. आईला, नवऱ्याला, भावाला कधी सांगितलं नाही ते या कालच्या पोरीला सांगत बसायचे. एकदा ती घड्याळ पाहत होती तरी मी थांबले नाही, तिची बस चुकली. त्या दिवशी मला तुमचं ते लिहिणं समजलं. दुकानात दिवसभर माणसं असायची, घरात आम्ही होतो, तरी तुम्ही एकटे होतात. हे आम्हाला दिसलं नाही आणि तुम्ही दाखवलं नाहीत.

काल तिने खोक्याला चिकटपट्टी लावली, कागदावर माझी सही घेतली, वाकून पाया पडली. "येतो मावशी," म्हणाली. गाडीचा दरवाजा उघडा होता. आता ही 'येतो' म्हणतेय पण येणार कशाला, या विचारासरशी माझ्या तोंडातून भलतंच निघालं.

"माळ्यावर आखीन एक डबा असन बहुतेक. पाहून ठेवतो."

तिचा चेहरा असा उजळला! "खरंच का जी? मंग मी रविवारी येतोच. कोनाचे असतीन मावशी?"

"पाहा लागन," मी म्हटलं.

माळ्यावर पणत्या आहेत, फुटकी सुरई आहे, धाकट्याचा पाळणा आहे. डबाबिबा काही नाही, ते तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही आणि कुणी उत्तर द्यायचं नाही. ती सकाळच्या बसने निघेल, ऊन चढायला पोचेल, हातमोजे घेऊन. तिला खरं सांगावं लागेल. सांगेन, बाबा. जेवण झाल्यावर सांगेन.